व्हील आणि चाक: एका शब्दाच्या वंशवृक्षाच्या नोंदी

४ जानेवारी

शब्द ठरला, व्हील. यादीत शुगर होता, ऑरेंज होता, जिंजर होता, हे सगळे आपल्या बाजूने निघून वाटेत मुक्काम करत करत इंग्रजीत पोचलेले शब्द, त्यांच्या गोष्टी छानच आहेत, पण तिथे शब्द मालाबरोबर गेला, ज्याची वस्तू त्याचा शब्द, हे समजायला सोपं आहे. मला असा शब्द हवा होता जो कोणी कोणाला दिलेला नाही, इंग्रजीकडे इंग्रजीच्या पूर्वजांकडून आला आणि आपल्याकडे आपल्या. व्हील आणि चाक. एकीकडे व आणि ल, दुसरीकडे च आणि क, एक अक्षर सामाईक नाही, आणि तरी हे दोन्ही एकाच शब्दाचे वंशज आहेत. ते कसं सिद्ध होतं हे एका मोठ्या तक्त्यावर पायरीपायरीने दाखवायचं आहे.

तक्त्याचे नियम आजच ठरवले. वारशाने आलेला शब्द असेल तर अखंड रेघ, उसना घेतलेला असेल तर तुटक रेघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलाही शब्द तक्त्यावर चढवायचा तर त्याच्या प्रत्येक ध्वनीचा हिशोब लागला पाहिजे. "कानाला सारखा वाटतो" हे कारण चालणार नाही. व्युत्पत्तीच्या नावाखाली जे फिरत असतं त्यातलं निम्मं या एका कारणावर उभं असतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खरी पद्धत कितीतरी जास्त सुंदर आहे.

चित्रं आणि रेघांचं काम मैत्रीण करणार आहे, लहान आहे माझ्याहून, मला ताई म्हणते. तिला भाषाशास्त्र माहीत नाही आणि ते बरंच आहे, तिला पटलं की वाचणाऱ्याला पटेल.

६ जानेवारी

आजच्या इंग्रजीपासून मागे निघालो. व्हीलच्या स्पेलिंगमध्ये आधी डब्ल्यू मग एच, पण जुन्या इंग्रजीत हे उलट होतं, आधी एच मग डब्ल्यू, आणि उच्चारही तसाच, ह्व. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर पुढच्या काळात लिहिणाऱ्यांनी अक्षरांचा क्रम फिरवला, उच्चार मात्र बराच काळ ह्व राहिला, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये काही लोक अजून तसाच करतात. मधला ई सुद्धा नंतरचा, आधी तो लांब ए होता, साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर वर सरकले त्यात ए चा ई झाला.

म्हणजे जुन्या इंग्रजीतलं रूप ह्वेओल. पण तिथे हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: ह्वेओल, ह्वेओगोल, ह्वेओवोल. हा मधला ग कुठून आला? हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला आहे, त्याचं उत्तर फार भारी आहे पण त्याला अजून दोन पायऱ्या लागतील.

भावंडं पटापट: डचमध्ये वील, डॅनिश आणि स्वीडिशमध्ये यूल, आइसलँडिकमध्ये ह्योल. जर्मनमध्ये मात्र हा शब्द टिकला नाही, तिथे चाकाला राड म्हणतात. राड, लॅटिन रोटा (अर्थ चाकच) आणि आपला रथ हे तिघे वेगळ्या एका शब्दाचे वंशज. आपण अख्ख्या गाडीला जे नाव ठेवलं ते त्यांनी चाकाला ठेवलं.

९ जानेवारी

पहिली पायरी, ग्रिमचा नियम. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे मांडलं की जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश वगैरेंच्या घराण्यात, जुने कठोर व्यंजन ठरावीक पद्धतीने बदलले, प चा फ, त चा थ, क चा ह. पितृ आणि फादर, त्रि आणि थ्री. लॅटिन केंटुम आणि हंड्रेड. (संस्कृत शतम् मधला श ही वेगळी वाट आहे, तिथे मूळ क वेगळ्या जातीचा होता, ती फांदी या तक्त्यावर नको, गर्दी होईल.)

आता क चा एक प्रकार असा होता की जो उच्चारताना ओठ गोल व्हायचे, क्व म्हणा. त्याचा जर्मानिकमध्ये ह्व झाला आणि संस्कृतकडे येताना ओठांची गोलाई गेली, नुसता क राहिला. हे दाखवायला मी मैत्रिणीला दोन रांगा लिहून दिल्या. पहिलीत कोण, काय, केव्हा, कुठे. दुसरीत हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर. आपले सगळे प्रश्न क ने सुरू होतात, त्यांचे जवळपास सगळे स्पेलिंगमध्ये डब्ल्यू-एच ने. तिने दोन्ही रांगा बघितल्या, परत बघितल्या आणि म्हणाली, "ताई, हे तर रोजच्या बोलण्यातलं आहे, मग कोणी सांगितलं कसं नाही?"

तर व्हीलच्या सुरुवातीचा ह्व म्हणजे कोण मधला क. पहिला ध्वनी हिशोबात बसला.

पण मग आपल्याकडे चाक मध्ये सुरुवातीला क हवा होता ना? तिथे च आहे.

१३ जानेवारी

आजची नोंद लांब होणार, मला यातली सगळ्यात आवडती पायरी हीच आहे.

क चा च कधी होतो? क उच्चारताना जीभ मागे असते आणि ए किंवा इ उच्चारताना पुढे. क च्या लगेच नंतर ए आला की जीभ आधीच पुढे सरकायला लागते आणि पिढ्यान् पिढ्या तसंच बोललं गेलं की क चा च होतो. हे कितीतरी भाषांत झालंय, लॅटिन केंटुमचं इटालियनमध्ये चेंतो झालं ते याच रस्त्याने.

अडचण अशी की चक्र मध्ये च च्या पुढे ए नाही, अ आहे. आणि १८७० च्या आधी बहुतेक विद्वान असं धरून चालायचे की संस्कृतमधला अ हाच मूळ स्वर, ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्याचेच पुढे ए, ओ, अ असे तुकडे झाले. संस्कृत जुनी म्हणून तिचं सगळंच जुनं, असा तो हिशोब. मग च आणि क मधला फरक नुसताच लहर वाटायचा, कधी च कधी क, कारण काही नाही.

पण शब्द लॅटिनशेजारी मांडले की कारण दिसतं. "आणि" या अर्थाचा लॅटिन क्वे, संस्कृत च. चारला लॅटिन क्वातुओर, ग्रीकमध्ये तेत्तारेस, संस्कृत चत्वारः. पाचला लॅटिन क्विंक्वे, ग्रीक पेंते, संस्कृत पञ्च. म्हणजे त्या ठिकाणी मुळात ए होता तिथे आपल्याकडे च. आणि जिथे लॅटिनमध्ये ओ आहे, उदाहरणार्थ क्वोद म्हणजे जे किंवा काय, तिथे आपल्याकडे क, वेदातला कद्. नेम इतका पक्का आहे की शंकेला जागाच राहत नाही: संस्कृतच्या पूर्वजाकडे एकेकाळी ए होता, त्या ए ने क ला च केलं, आणि मग तो ए स्वतः अ मध्ये विरघळून गेला. करणारा गेला, केलेलं मागे राहिलं. १८७० च्या दशकात हे वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासकांच्या जवळपास एकाच वेळी लक्षात आलं.

आता ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांनी परोक्ष भूतकाळ आठवा. कृ चं चकार, गम् चं जगाम. पहिल्या अक्षरात च, दुसऱ्यात क. पहिल्यात ज, दुसऱ्यात ग. आपण हे पाठ केलं, का होतं ते विचारलं नाही. पाणिनीने नियम नोंदवून ठेवला आहे, कुहोश्चुः, म्हणजे द्वित्व होताना, धातूचं पहिलं अक्षर दोनदा येताना, पहिल्या जागी क-वर्गाचा च-वर्ग होतो. त्यामागचं कारण हेच, द्वित्वाच्या अक्षरात मूळ स्वर ए होता, धातूच्या अक्षरात ओ. चकार म्हणजे मुळात केकोर सारखं काहीतरी. अष्टाध्यायीतल्या एका छोट्या सूत्रात एका हरवलेल्या स्वराचा ठसा जसाच्या तसा जपलेला आहे, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आणि चक्र हा शब्दही द्वित्वाचाच आहे. च, मग क्र. मूळ धातू क्वेल, अर्थ फिरणे, वळणे. त्याचं द्वित्व करून क्वेक्वलोस, फिर-फिरणारं ते. पहिल्या क्व पुढे ए, म्हणून च. दुसऱ्या क्व पुढे ए नव्हता, थेट ल, म्हणून क. ल चा र होणं हे संस्कृतमध्ये नेहमीचं. संपूर्ण चक्र हिशोबात बसलं, एकही ध्वनी बाकी नाही.

तक्त्यावर क्वेक्वलोसच्या आधी तारा लावायचा आहे, *क्वेक्वलोस. तारा म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, वंशजांवरून मागे काढलेला आहे. ऑगस्ट श्लायखर या जर्मन विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली. तारा ठळक असू दे असं सांगितलंय, तो प्रामाणिकपणाचा भाग आहे.

१४ जानेवारी

चक्र ते चाक, छोटी नोंद. प्राकृतात जोडाक्षरातला एक ध्वनी दुसऱ्यात मिसळतो, चक्क. मग मराठीत जोड सुटतो आणि त्याच्या बदल्यात आधीचा स्वर लांबतो, चाक. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. तीच गाडी.

एक गंमत मात्र लिहून ठेवते, चाक म्हणताना आपला च दातांजवळ येतो, चोर आणि चूल सारखा, आणि चक्र म्हणताना तोच टाळूवर जातो. चाक पिढ्यान् पिढ्या बोलत आलेलं, चक्र नंतर परत संस्कृतातून उचललेलं. म्हणून मराठीच्या चौकोनात चाकला अखंड रेघ आणि चक्रला तुटक, हे मैत्रिणीला आधी पटेना, "आपल्याच भाषेतून घेतलं तरी उसनं?" हो, उसनंच, वाटेतले बदल त्याला लागलेले नाहीत म्हणून.

१८ जानेवारी

भिंतीवरच्या प्रश्नाचं उत्तर. ह्वेओगोल मधला ग.

ग्रिमच्या नियमाला काही अपवाद होते जे पन्नासेक वर्षं कोणाला सुटत नव्हते. संस्कृतमध्ये पितृ आणि भ्रातृ, दोन्हीत त. ग्रिमप्रमाणे जर्मानिकमध्ये दोन्हीत थ यायला हवा. पण जुन्या इंग्रजीत भावाच्या शब्दात थ आहे आणि बापाच्या शब्दात द. आजच्या इंग्रजीत फादर आणि ब्रदर दोन्ही एकसारखे झालेत, पण जर्मनमध्ये फरक अजून ऐकू येतो, फाटर आणि ब्रूडर. एकाच घरातले दोन शब्द, एकच मूळ व्यंजन, निकाल वेगळा. का?

कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकांनी १८७० च्या दशकात उत्तर शोधलं आणि ते सापडलं वेदात. वैदिक संस्कृतमध्ये प्रत्येक शब्दाचा आघात, म्हणजे उदात्त, ठरलेला असतो आणि पाठ करणाऱ्यांनी तो हजारो वर्षं सांभाळला. ऋग्वेदाची छापील संहिता उघडली तर अक्षराखाली आडव्या रेघा आणि वर उभ्या रेघा दिसतात, खालची अनुदात्ताची, वरची स्वरिताची, उदात्ताला स्वतःची खूण नसते, तो शेजारच्या खुणांवरून कळतो. पिता मध्ये उदात्त ता वर आहे, पि खाली रेघ. भ्राता मध्ये उदात्त भ्रा वर. बस, एवढाच फरक. आघात व्यंजनाच्या आधी असेल तर जर्मानिकमध्ये थ तसाच राहिला, आघात नंतर असेल तर तो मऊ होऊन द झाला. जर्मानिक भाषांनी नंतर सगळे आघात पहिल्या अक्षरावर आणून टाकले, म्हणजे कारण पुसलं गेलं, परिणाम उरला. ते पुसलेलं कारण वेदपाठात शाबूत होतं.

आता चाकाकडे. चक्र चा उदात्त शेवटी आहे, क्र वर. ग्रीकमध्ये याच शब्दाचं रूप कुक्लोस, आणि त्यात आघात सुरुवातीला, कु वर. म्हणजे मुळात दोन्ही रूपं होती, बहुधा एकवचनात आघात आधी आणि "सगळी चाकं मिळून" अशा समूहवाचक रूपात नंतर. आघात आधी असलेल्या रूपातून मधला ह्व राहिला, पुढे विरला, आणि ह्वेओल झालं, आजचं व्हील. आघात नंतर असलेल्या रूपातून तोच ध्वनी मऊ होऊन ग किंवा व झाला, ह्वेओगोल, ह्वेओवोल. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या लिहिणाऱ्याने एकाच शब्दाची वेगवेगळी स्पेलिंगं केली आणि त्यातल्या एकात वेदातला उदात्त ऐकू येतो, एकात ग्रीकचा. या एका ओळीसाठी तक्त्याचा मधला पूर्ण भाग राखून ठेवला आहे.

१९ जानेवारी

कालचं मैत्रिणीच्या वडिलांनी वाचलं. काकांचं म्हणणं, एवढं सगळं संस्कृतवरून सुटतंय तर सरळ संस्कृत ही सगळ्यांची आई असं लिहा की. मी त्यांना १३ तारखेची नोंद दाखवली. काका, आई म्हटलं की ए चा प्रश्न उरतो, क्वे आणि क्विंक्वे मधला ए लॅटिनने जपला, आपल्याकडे तो अ मध्ये मिसळला, मग आपल्याकडे नसलेली गोष्ट लॅटिनला आपण दिली कशी? आघात आपण जपला, ए त्यांनी जपला, दोघं मिळून मूळ शब्द उभा करतात. संस्कृत थोरली बहीण म्हणा, आणि साक्ष देताना तिच्याइतकी भरवशाची दुसरी कोणी क्वचितच. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, बहीण ठीक आहे, पण थोरली नक्की लिहा.

या विषयाच्या सुरुवातीचा मान विल्यम जोन्स यांना देतात, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ ला त्यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगितलं. पण मला तक्त्याच्या कोपऱ्यात त्याआधीचं एक नाव हवंच आहे, फादर थॉमस स्टीफन्स. मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे तेच. १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी वाटते असं नोंदवलं होतं, जोन्सच्या आधी दोनशे वर्षं. मराठी इतकी मनापासून शिकलेल्या माणसाच्या कानाला ते जाणवलं याचं मला नवल नाही वाटत, आनंद वाटतो.

२३ जानेवारी

ग्रीक फांदी. कुक्लोसबद्दल एक खटकणारी गोष्ट आहे ती लिहायलाच हवी: ग्रीकमध्ये क्व पुढे ए आला की त होतो (तेत्तारेस, पेंते), मग इथे त का नाही? मानलं जातं ते असं की दोन्ही बाजूंना ओठ गोल होणारे क्व असल्यामुळे मधल्या स्वराला तो गोल रंग लागला आणि त्याचा उ झाला, क्व चा क राहिला. ओठांच्या गोलाईचा असा परिणाम ग्रीकमध्ये इतरत्रही दिसतो, रात्रीचा शब्द नुक्स, आपल्याकडे नक्तम्. समाधान होण्यासारखं आहे पण मी तिथे रेघेला बारीक टीप लावणार आहे.

अर्थ पुढे वर्तुळ असा झाला, पण होमरच्या इलियडमध्ये पाचव्या भागात हेबे ही देवी रथाला चाकं चढवते तिथे हाच शब्द अनेकवचनात आहे, कुक्ला, कांस्याची, आठ आऱ्यांची.

कुक्लोस लॅटिनमध्ये उसना गेला, तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी, सायकल. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये दोन चाकांच्या नव्या यंत्राला बाय जोडून नाव मिळालं, बायसिकल. आणि सायक्लोन हा शब्द तर कलकत्त्यात घडला, हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करताना कुक्लोसवरून तो बनवला, १८४८ च्या त्यांच्या खलाशांसाठीच्या पुस्तकात आहे.

इराणकडे हाच शब्द अवेस्ता या पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात चख्र, पुढे फारसीत ख आणि र ची अदलाबदल होऊन चर्ख, आणि त्यावरून आपल्याकडे चरखा.

म्हणजे मराठीच्या चौकोनात आता किती रेघा येतात बघा. चाक वारशाने. चक्र संस्कृतातून परत घेतलेलं. चरखा फारसीच्या वाटेने. सायकल ग्रीक-लॅटिन-फ्रेंच-इंग्रजी असा अख्खा युरोप फिरून. आणि व्हीलचेअर मधलं व्हील जर्मानिक वाटेने. एकच शब्द पाच वेळा घरात आला आणि आपण पाचही जणांना वेगळं समजतो. सायकलचं चाक म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो.

२४ जानेवारी

मैत्रिणीचा मेसेज, "ताई, सर्कल कुठे लावू?"

कुठेच नाही. सर्कल लॅटिन किर्कुलुसवरून, तो किर्कुसवरून, आणि त्याच्या मागचा धातू वेगळा. क्व तिथे नाहीच. अर्थ जुळतो, कानाला जुळतो, ध्वनींचा हिशोब जुळत नाही. कारचं पण तसंच, चर् म्हणजे चालणे वरून कार असं खूप जण सांगतात, पण कार हा गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून लॅटिनमध्ये गेलेला शब्द, मुळाचा अर्थ धावणे. आणि आपला चाकर चाकाशी काही संबंध नसलेला फारसी शब्द आहे. हे तिन्ही तक्त्याच्या बाहेर, उजवीकडे वेगळ्या रंगात, "नातं नाही" असं लिहून. वाचणारे हे तिन्ही विचारणारच, तर उत्तर तिथेच असू दे.

उलट, चर् खरंच नात्यात आहे, पण वेगळ्या दाराने. क्वेल, फिरणे, पुढे ए असल्यामुळे च, ल चा र: चरति. गुरं चरतात ते चरणं इथलंच. लॅटिनमध्ये त्याच धातूचं कोलो झालं, एका जागी वावरणे, जमीन कसणे, त्यावरून कॉलनी आणि कल्चर. ग्रीकमध्ये पोलोस, ज्याभोवती आकाश फिरतं तो आस, त्यावरून नॉर्थ पोल मधला पोल. लॅटिन कोलुम म्हणजे मान, वळणारी ती, त्यावरून शर्टची कॉलर. स्लाव्हिक भाषांमध्ये द्वित्व न करता कोलो म्हणजेच चाक.

२८ जानेवारी

वस्तूची बाजू. चाकाचे सगळ्यात जुने पुरावे साधारण इ.स.पू. ३५०० च्या सुमाराचे आहेत. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे सापडलेल्या एका मडक्यावर चार चाकी गाडीसारखं चित्र कोरलेलं आहे, त्याच काळातलं. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत २००२ मध्ये एक लाकडी चाक आणि त्याचा आस मिळाला, पाच हजारांहून जास्त वर्षं जुना, चाक ॲश झाडाच्या लाकडाचं आणि आस ओकचा, आणि आसासाठीचं भोक चौकोनी, म्हणजे आस चाकाबरोबरच फिरायचा.

आता शब्दाशी जोडा. इंग्रजी, ग्रीक, संस्कृत, अवेस्ता, सगळ्यांनी चाकाला एकाच द्वित्वाच्या रूपावरून नाव ठेवलं असेल तर हे लोक वेगळे होण्याआधी त्यांना चाक माहीत असणार, म्हणजे फाटाफूट चाकाच्या शोधानंतरची. आक्षेप असा घेतात की "फिरणारं" हा शब्द जुना असेल आणि प्रत्येकाने नंतर स्वतंत्रपणे चाकाला लावला असेल. फिरणाऱ्या गोष्टीला द्वित्वाने नाव देणं स्वाभाविक आहे हे खरं, हिब्रूत चाकाला गलगल, जॉर्जियनमध्ये बोरबाली, आणि आपण फिरण्याला गरगर म्हणतोच. पण एकाच धातूचं, एकाच ठेवणीचं द्वित्व इतक्या जणांनी आपापलं करून त्याच वस्तूला लावावं हे मला पटत नाही. शिवाय चाक एकटं नाही, त्याचे शेजारी बघा. आस, संस्कृत अक्ष, लॅटिन आक्सिस, इंग्रजी ॲक्सल. जू, संस्कृत युग, लॅटिन युगुम, इंग्रजी योक. चाकाचा मधला तुंबा, वेदात नाभि, इंग्रजीत नेव्ह. पूर्ण गाडीच सुट्या भागांसकट वारशात आली आहे.

३० जानेवारी

तक्त्याच्या माथ्यावर काय घालायचं ते आज सापडलं. ऋग्वेद, पहिलं मंडल, सूक्त १६४, दुसरी ऋचा:

सप्त युञ्जन्ति रथमेकचक्रमेको अश्वो वहति सप्तनामा।
त्रिनाभि चक्रमजरमनर्वं यत्रेमा विश्वा भुवनाधि तस्थुः॥

सात जण एका चाकाचा रथ जुंपतात, सात नावांचा एकच घोडा तो ओढतो, तीन नाभींचं ते चाक न झिजणारं. आता शब्द मोजू नका, नुसते ओळखा. सप्त, सेव्हन. युञ्जन्ति, योक. रथ, लॅटिन रोटा. चक्र, व्हील. अश्व, लॅटिन एक्वुस. वहति, वॅगन. नाम, नेम. त्रि, थ्री. नाभि, नेव्ह. तस्थुः, स्टँड. एका ऋचेत सगळी गाडी, आणि प्रत्येक शब्दाचा भाऊबंद युरोपात. मैत्रिणीला सांगितलंय की ऋचा स्वरचिन्हांसकट छापायची, आडव्या उभ्या रेघा सगळ्या, १८ तारखेचा मुद्दा वाचणाऱ्याला तिथे बोट ठेवून बघता आला पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये ती चिन्हं अक्षरावरून सरकतात, ते तिने एकेक करून जागेवर बसवलं.

२ फेब्रुवारी

शेवटच्या दोन फांद्या. तोखारी, आजच्या चीनच्या पश्चिम भागात तारिम खोऱ्यात बोलली जायची, तिची हस्तलिखितं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती आली आणि झीग आणि झीगलिंग यांनी १९०८ मध्ये दाखवलं की तीही याच कुळातली, ज्याला इंडो-युरोपीय म्हणतात. बौद्ध मजकूर, लिपी ब्राह्मीच्याच घराण्यातली. तिथे गाडीला कोकले आणि बोलीभेदाने कुकल. दोन्ही क जागेवर आहेत, अखंड रेघ.

आणि हित्ती, आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा, या कुळातल्या सगळ्यात जुन्या लिखित भाषांपैकी एक. तिथे आपला शब्द नाही. चाकाला हित्तीत हुर्की म्हणतात, त्याचा जोडीदार तोखारीत आहे पण चक्राच्या घरात नाही. जू मात्र आहे, युगन, आणि गाडीच्या दांड्याला हिश्शा, संस्कृत ईषा, तोच जो आपल्या नांगराच्या हळसात लपलेला आहे. म्हणजे जुंपणं सगळ्यांचं सामाईक, चाकाचा हा शब्द नाही. हित्तीची फांदी बाकीच्यांच्या आधी वेगळी झाली असं बरेच अभ्यासक मानतात त्याला हे धरून आहे.

मैत्रीण म्हणाली चौकोन काढूनच टाकू, रिकामा वाईट दिसतो. मी म्हटलं राहू दे. हित्तीचा चौकोन मोकळा, खाली हुर्की, आणि बाजूने जू आणि ईषाच्या दोन बारीक रेघा. तक्ता छपाईला उद्या जाईल.